विमान कंपनी नवीन विमानं कशी निवडते: पुण्याचा बेस धरून गणित मांडून बघा

फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियानं ४७० विमानांची ऑर्डर जाहीर केली, जूनमध्ये इंडिगोनं एकदम ५०० ची दिली, आणि तेव्हापासून विमानांचं वेड असलेल्या आपल्या मंडळींत एकच वाद रंगतो, विमान बनवणाऱ्या दोन कंपन्यांत एअरबस भारी का बोइंग. तो वाद जरा बाजूला ठेवा. कंपनीतली प्लॅनिंगवाली माणसं तिथून सुरुवातच करत नाहीत, ती आधी रूट मांडतात, आणि हे तुम्हालाही घरी करता येतं, वही आणि कॅल्क्युलेटर बास. धरून चाला की एक एअरलाइन आहे, बेस पुणे, म्हणजे तिची विमानं तिथूनच सुटतात आणि तिथंच परततात, आणि तिला दहा विमानं वाढवायचीयत.

पहिलं एअरपोर्ट बघायचं. पुण्याच्या लोहगाव एअरपोर्टचा रनवे २,५०० मीटरच्या थोडा वर, समुद्रसपाटीपासून उंची ५९० मीटरच्या आसपास, आणि एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशीला टेकलेला. जागा उंचावर आणि हवा तापलेली असली की हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही उतरतो, त्यामुळे तेवढ्याच वजनाला रनवे जास्त लागतो. रनवे तर तेवढाच राहणार, मग वजन उतरवा, म्हणजे काही सीट रिकाम्या सोडा नाहीतर इंधन कमी भरा आणि लांबचं ठिकाण विसरा. मोठं वाइडबॉडी (आत जायला-यायला दोन वाटा असलेलं रुंद) विमान गच्च भरून इथून थेट युरोपला न्यायचं स्वप्न इथंच अडकतं. जर्मनीच्या लुफ्तान्सानं २००८ मध्ये पुणे-फ्रँकफर्ट सुरू केली होती ती छोट्या सिंगल आइल, म्हणजे मधे एकच वाट असलेल्या विमानानं, अगदी मोजक्या सीट ठेवून, बिझनेस क्लासच्या जोरावर. कमी माणसं म्हणजे कमी वजन, आणि महागडं तिकीट काढणारं कंपन्यांचं गिऱ्हाईक इथं होतं, दोन्ही गोष्टी जुळल्या म्हणून ते जमलं.

मग गर्दीचा अंदाज. इथं बहुतेक जण फसतात म्हणून जरा सावकाश वाचा. खर्च दोन प्रकारे मोजतात, एका फेरीचा आणि एका सीटचा, आणि मोठं विमान फेरीला महाग पण सीटला स्वस्त पडतं. समजा एअरबसच्या १८६ सीटच्या ए३२०निओची एक फेरी १० लाखाला पडते आणि त्याच्याच लांब भावाची, २३२ सीटच्या ए३२१निओची, ११ लाख ३० हजाराला (हे आकडे फक्त हिशोब कळावा म्हणून धरलेत). सीटमागे पहिल्यात साधारण ५,३७५ रुपये आणि दुसऱ्यात ४,८७०, म्हणजे मोठंच घ्या असं वाटतं ना. पण रोज १६० च माणसं येत असतील तर माणशी ६,२५० विरुद्ध ७,०६०, लगेच उलटं झालं. आता खरा प्रश्न असा विचारा की जास्तीचे १ लाख ३० हजार वसूल व्हायला जास्तीच्या ४६ सीटपैकी किती विकाव्या लागतील. सरासरी भाडं ५,५०० धरलं तर २४. रोज, सोमवार ते रविवार, पावसाळ्यातसुद्धा, आणि भाडं न पाडता! कारण त्या २४ सीट भरायला तुम्ही सेल लावलात तर आधीच्या १८६ जणांतलेही बरेच जण स्वस्तात निघून जातात. माझ्या मते अख्ख्या विषयात हे एक गणित नीट कळलं तरी अर्धं काम झालं.

मग कुणी म्हणेल छोटी विमानं घ्या आणि फेऱ्या वाढवा. मोकळ्या एअरपोर्टवर हे चांगलंच, सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा मिळाल्या की कामाला जाणारे खूश. पण लोहगाव एअरफोर्सचा तळ आहे, सुखोई तिथूनच उडतात, सिव्हिल विमानांना मिळणाऱ्या वेळा मर्यादित, आणि मुंबईतही स्लॉट (उतरायची-उडायची ठरलेली वेळ) मिळणं अवघडच. स्लॉट वाढत नसेल तर त्याच स्लॉटमध्ये जास्त माणसं नेणारं विमान घ्यावं लागतं, म्हणून दिल्लीसारख्या भरलेल्या रूटवर ए३२१निओ बसतं.

जवळच्या छोट्या शहरांसाठी एटीआर ७२, प्रोपेलरवालं, सावकाश पण इंधन कमी खाणारं, आखूड रनवेवर उतरणारं. इंडिगोनं त्यात ७८ सीट ठेवल्यात आणि तो आकडा बघण्यासारखा आहे, आपल्याकडे ८० पेक्षा कमी सीटच्या देशांतर्गत विमानांना लँडिंग चार्ज माफ असतो, शिवाय दर ५० सीटला एक केबिन क्रू या नियमानं दोघांत भागतं. हाच नियम ए३२०निओला लावा, १८६ ला चार जण, आणि २३२ च्या ए३२१निओला पाच.

आता एकसारखेपणा. ए३२० आणि ए३२१ ला पायलटचं टाइप रेटिंग, म्हणजे ते विमान उडवायचा परवाना, एकच, म्हणजे आज याच्यावर, उद्या त्याच्यावर. वेगळ्या जातीची दोनच विमानं आणलीत तरी त्यांचे पायलट वेगळे, इंजिनिअर वेगळे, सुट्टे भाग वेगळे, आणि त्यातलं एक बिघडलं तर बदली द्यायला दुसरं नाही. अमेरिकेची साउथवेस्ट एअरलाइन इतकी वर्षं फक्त बोइंग ७३७ वर आहे, आपल्याकडे अकासा एअर पण सगळी ७३७ मॅक्सच घेतेय, ते यासाठीच. म्हणून आपल्या दहामध्ये मी एटीआर घेणार नाही, घ्यायचीच तर बऱ्यापैकी संख्येनं घ्यावीत, दोनसाठी अख्खी व्यवस्था उभी करणं परवडत नाही.

इंजिनकडे लोक बघतच नाहीत. ए३२०निओला प्रॅट अँड व्हिटनीचं इंजिन किंवा सीएफएम कंपनीचं लीप, दोन पर्याय, आणि ती निवड विमानाइतकीच महत्त्वाची आहे. गो फर्स्ट या आपल्याकडच्या एअरलाइनची विमानं प्रॅटच्या इंजिनांवर होती, इंजिनं वेळेवर मिळेनात, अर्ध्याच्या आसपास विमानं जमिनीवर बसली, आणि मे २०२३ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. इंडिगोनं २०१९ मध्येच पुढच्या २८० विमानांसाठी सीएफएमकडे ऑर्डर वळवली होती, तरी जुन्या प्रॅटवाल्यांचा त्रास नंतर तिलाही झाला. बोइंग ७३७ मॅक्सला मात्र लीपच, तिथं पर्याय नाही.

शेवटी मिळणार कधी ते बघा, कागदावर सगळ्यात चांगलं विमान सात वर्षांनी हातात येणार असेल तर आजचा रूट दुसरा कुणीतरी घेऊन जातो. इंडिगोच्या त्या ५०० विमानांची डिलिव्हरी २०३० ते २०३५ मध्ये धरलीय. एअर इंडियाला एअरबसचं पहिलं ए३५० (लांब पल्ल्याचं वाइडबॉडी) डिसेंबर २०२३ मध्येच मिळालं कारण ते मुळात रशियाच्या एरोफ्लोटसाठी बांधलं होतं. घाई असेल तर लीज, म्हणजे विमान भाड्यानं घ्या, पैसे जास्त जातात पण विमान लवकर येतं, आणि धंदा बसला तर मुदत संपल्यावर परत करता येतं.

तर पुण्यासाठी माझा हिशोब असा, चार ए३२१निओ आणि सहा ए३२०निओ, सगळ्यांना एकच इंजिन, त्यातली तीन-चार लीजवर. आणि करार करताना एक कलम आवर्जून मागायचं, की ऑर्डरमधली ए३२० डिलिव्हरीच्या काही महिने आधीपर्यंत ए३२१ मध्ये बदलता यावीत, कारण लोहगावच्या वेळा वाढतील की नाही आणि पुण्याजवळचं पुरंदरचं नवं एअरपोर्ट कधी होईल यावरच ती संख्या फिरणार आहे.