क्रिप्टोचं टूल गिटहबवर टाकून राहिले? आधी लायसन्स फाईल टाका भो

मागच्या हिवाळ्यात मी एक छोटं टूल बनवलं, टेस्टनेटवर (सरावाच्या क्रिप्टो नेटवर्कवर) व्यवहार पाठवून गॅस, म्हणजे व्यवहाराची फी, किती जातो ते टर्मिनलमध्येच दाखवणारं, आणि तसंच गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, टाकून दिलं, लायसन्स-बियसन्स (कोड कोणी कसा वापरायचा त्याची परवानगी) काही नाही. डोक्यात एकच, रेपो, म्हणजे तिथलं कोडचं फोल्डर, पब्लिक आहे ना, मग वापरा की कोणीपण. दोनेक महिन्यांनी एकाने इश्यू (रेपोवरची तक्रार) टाकला, टूल चांगलंय पण लायसन्स नाही म्हणून आम्हाला वापरता येत नाही. आपण आपलं धर्मादाय समजून बसलेलो आणि दाराला कुलूप!

तर प्रकार असा आहे. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रामही साहित्यकृतीत धरतात, कोड लिहिला की हक्क आपोआप लागतो, नोंदणी लागत नाही. म्हणजे लायसन्स नसेल तर गिटहबच्या नियमांनी लोकांना कोड बघता येतो, तिथल्या तिथे फोर्क (आपल्या खात्यात कॉपी) करता येतो, बास. अजून एक, नोकरीचं काम म्हणून लिहिलेला कोड करारात वेगळं काही नसेल तर मालकाचा असतो. पुण्याच्या कंपनीचं काम जळगावात घरी बसून करणाऱ्यांनी हे आधी बघा.

आता कोणतं लायसन्स घ्यायचं. एमआयटी म्हणजे मळ्यातली भरीत पार्टी समजा, या, खा, डबा भरून न्या, विकलं तरी चालेल, फक्त वांगी कोणाच्या मळ्यातली ते सांगा आणि पोट दुखलं तर आमच्याकडे येऊ नका. हे पोट दुखण्याचं कलम क्रिप्टोत लई कामाचं, कारण इथे बगमुळे खरेच पैसे जातात. बिटकॉइनचं मुख्य सॉफ्टवेअर बिटकॉइन कोअर एमआयटीत आहे, इथेरियमवाल्यांचं हार्डहॅट टूल आणि ओपनझेपलिनचे तयार कॉन्ट्रॅक्ट (ब्लॉकचेनवर चालणारे प्रोग्राम) पण. अपाची २.० पण तसंच मोकळं, वर पेटंटची परवानगी स्पष्ट लिहिलेली. फाउंड्री या हार्डहॅटसारख्याच टूलवाल्यांनी तर एमआयटी आणि अपाची दोन्ही ठेवलेत, तुम्हाला पाहिजे ते घ्या.

जीपीएल म्हणजे विरजण. चमचाभर टाकलं की पातेलंभर दूध त्याचंच. जीपीएलची एक फाईल तुमच्या टूलमध्ये घेतली आणि टूल लोकांना वाटलं, तर सगळं टूल जीपीएलखाली सोर्ससकट द्यावं लागतं. वाईट नाही हे, कोणी तुमचा कोड घेऊन बंद करून विकू नये असं वाटत असेल तर हेच घ्या, आणि टूल सर्व्हरवर चालणारं असेल तर एजीपीएल, कारण जीपीएलमध्ये नुसतं सर्व्हरवर चालवणं म्हणजे वाटणं धरत नाहीत.

गंमत गेथची आहे, इथेरियम नेटवर्क चालवणाऱ्या प्रोग्रामची. इथेरियमच्या त्या रेपोत 'सीएमडी' फोल्डर जीपीएल ३ आणि बाकी लायब्ररी एलजीपीएल ३. म्हणजे लायब्ररी इम्पोर्ट केली तर अटी थोड्या सैल, पण 'सीएमडी'तला तुकडा उचलून आपल्या एमआयटी रेपोत चिकटवला तर घोळ. माझ्या एका मित्राने हेच केलं, रात्रभर बसून तो भाग नव्याने लिहावा लागला बिचाऱ्याला. पण सॉलिडिटी या कॉन्ट्रॅक्ट लिहायच्या भाषेचा कंपायलर जीपीएल ३ आहे म्हणून तुमचा कॉन्ट्रॅक्ट जीपीएल होत नाही, तिथे घाबरू नका.

म्हणून आधी डिपेंडन्सी, म्हणजे टूलमध्ये घेतलेला दुसऱ्यांचा कोड, तपासा, मग लायसन्स निवडा. त्यासाठी एनपीएमवर (जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारात) लायसन्स-चेकर आहे, रस्ट भाषावाल्यांना कार्गो-डेनाय. यादीत 'बीयूएसएल' (बिझनेस सोर्स लायसन्स) दिसलं तर थांबा, कोड दिसतो पण ते ओपन सोर्स नाही. युनिस्वॅप व्ही३ या क्रिप्टो एक्सचेंजचा मूळ कोड असाच होता, एप्रिल २०२३ मध्ये जीपीएलमध्ये गेला.

ठरलं की रेपोच्या मुळाशी 'लायसन्स' नावाची फाईल करा, मजकूर मूळचा आहे तसाच, आपली अक्कल लावून कलमं बदलू नका, फक्त एमआयटी असेल तर साल आणि नाव भरा. पॅकेज फाईलमध्येही तेच नाव टाका, मी विसरलो होतो. सॉलिडिटीत प्रत्येक फाईलच्या पहिल्या ओळीत एसपीडीएक्स लायसन्स आयडेंटिफायरची, म्हणजे लायसन्सचं ठरलेलं छोटं नाव सांगणारी कमेंट, रोमन अक्षरातच, ०.६.८ पासून ती नसेल तर कंपायलर कुरकुरतो. इथे 'अनलायसन्स' आणि 'अनलायसन्स्ड' यात गफलत करू नका भो, पहिल्याचा अर्थ कोड सगळ्यांना सोडून दिला, दुसऱ्याचा अर्थ कोणालाच दिला नाही!

आणि हे सगळं पहिला पुल रिक्वेस्ट, म्हणजे बाहेरच्याने सुचवलेला कोडमधला बदल, यायच्या आत उरका. बाहेरच्यांचा कोड आत आला की त्या त्या तुकड्याचा हक्क त्यांचा, मग लायसन्स बदलायचं तर एकेकाला मेल करून परवानगी मागत बसा, त्यातले अर्धे उत्तरच देत नाहीत. माझ्या टूलमध्ये तोवर माझेच कमिट (कोडमधले बदल) होते म्हणून एका संध्याकाळी अपाची टाकून तो इश्यू बंद करता आला.