जपानमध्ये सायकल घेताय? आधी विम्याचे कागद काढून बघा

तोक्योतल्या निशिकासाई, फुनाबोरी भागात घर मिळालं की पहिल्या महिन्यातच दारात सायकल येते. मुलांना होइकुएनला म्हणजे पाळणाघरात सोडणं, तांदळाची पिशवी आणणं, स्टेशन गाठणं, सगळं तिच्यावरच. दुकानदार विकतानाच बोहान तोरोकू करून देतो आणि फ्रेमवर स्टिकर चिकटवतो. ही चोरीविरोधी नोंदणी आहे, विमा नाही. नव्याने आलेल्यांचा इथेच पहिला गैरसमज होतो.

तोक्योत 1 एप्रिल 2020 पासून सायकल चालवणाऱ्याने समोरच्याच्या नुकसानभरपाईचा विमा काढणं बंधनकारक आहे. मूल सायकल चालवत असेल तर जबाबदारी पालकांची. विमा नसल्याबद्दल दंड मात्र नाही, म्हणून बरेच जण ‘बघू नंतर’ म्हणतात. असं करू नका. 2008 साली कोबेमध्ये 11 वर्षांच्या मुलाची सायकल रात्री उतारावर 62 वर्षांच्या बाईंवर आदळली आणि त्या शुद्धीवर आल्याच नाहीत. 2013 मध्ये न्यायालयाने मुलाच्या आईला सुमारे 9 कोटी 50 लाख येन भरायला सांगितले. कोबे ज्यात येतं त्याच ह्योगो प्रांताने 2015 मध्ये देशात सर्वांत आधी हा विमा सक्तीचा केला. मोटारीला जिबाइसेकी नावाचा सक्तीचा विमा असतो, त्यातून जखमी माणसाला किमान काही तरी मिळतं. सायकलला असं काही नाही, सगळी रक्कम चालवणाऱ्याच्या घरातून जाते. म्हणून विम्याची मर्यादा किमान 10 कोटी येन हवी, जपानी हिशोबात ‘इचि ओकु’.

नवीन विमा विकत घेण्याआधी घरातले कागद उपसा. आपल्याला जो विमा हवा त्याचं नाव ‘कोजिन बाइशो सेकिनिन होकेन’. तो बहुधा दुसऱ्या कशाला तरी जोडलेला असतो: मोटारीचा विमा, क्रेडिट कार्ड, विद्यापीठाचा विमा, आणि भाड्याचं घर घेताना एजंटने काढायला लावलेला दोन वर्षांचा आगीचा विमा. या शेवटच्यात एक मेख आहे. त्यात ‘शाक्कानिन बाइशो’ अशीही एक ओळ असते. ती फक्त घरमालकाच्या नुकसानीसाठी, रस्त्यावरच्या माणसासाठी नाही. भाषांतराच्या अॅपमध्ये दोन्ही ओळी सारख्याच दिसतात, त्यामुळे एजंटला सरळ विचारा: ‘जितेन्शा नो जिको मो ताइशो देसु का?’ म्हणजे सायकलचा अपघातही यात येतो का. सोबत ‘जिदान कोशो’ सेवा आहे का तेही विचारा. ती असेल तर समोरच्या पक्षाशी बोलणी विमा कंपनी करते. जपानीत वाटाघाटी करण्याइतकी भाषा येत नसेल तर माझ्या मते रकमेइतकीच ही सेवा महत्त्वाची.

दोन ठिकाणी असा विमा असला तरी भरपाई दुप्पट मिळत नाही, हप्ता तेवढा वाया जातो. उलट घर बदललं की आगीचा विमा संपू शकतो, कार्ड बंद केलं की त्याला जोडलेला विमाही जातो, आणि हे कुणी कळवत नाही. शिफ्टिंगच्या यादीत हे लिहून ठेवा.

हा विमा सहसा कुटुंबाला लागू होतो: नवरा-बायको, एकत्र राहणारे नातेवाईक, मुलं. एकाने काढला की घरातल्या सगळ्यांचं भागतं. रूममेट मात्र कुटुंबात येत नाही, फ्लॅट शेअर करणाऱ्या प्रत्येकाने स्वतःचा काढायचा. भारतातून काही महिन्यांसाठी आलेले आई-बाबा सायकल चालवणार असतील तर ते ‘एकत्र राहणारे’ धरले जातात का, हे कंपनीला आधी विचारून घ्या.

माणसाऐवजी सायकलला चिकटलेला एक विमाही आहे, टीएस मार्क. सायकल दुकानातला प्रमाणित मेकॅनिक ब्रेक, दिवे, चाकं तपासून स्टिकर लावतो. लाल असेल तर 10 कोटी येनपर्यंत, पण फक्त मृत्यू किंवा गंभीर कायमच्या अपंगत्वासाठी. म्हातारीचं मनगट मोडलं तर त्यातून भरपाई नाही. हिरव्यात साध्या दुखापतीही येतात आणि वाटाघाटीची सेवाही असते. मुदत तपासणीच्या तारखेपासून एक वर्ष. तारीख स्टिकरवर हाताने लिहिलेली असते आणि ऊन-पावसाने पुसट होते, त्यामुळे लावल्या दिवशीच फोटो काढा. जुनी सायकल विकत घेताना आधीच्या मालकाच्या स्टिकरवर विसंबू नका.

डिलिव्हरीचं काम किंवा ऑफिसच्या कामासाठी सायकल वापरत असाल तर कोजिन बाइशो लागू होत नाही, त्यासाठी वेगळा विमा हवा. आणि पॅडल न मारता नुसत्या थ्रॉटलवर पळणारी इलेक्ट्रिक सायकल इथे सायकल धरतच नाहीत. तिला नंबर प्लेट, जिबाइसेकी आणि बहुतेक वेळा लायसन्सही लागतं. ऑनलाइन स्वस्तात मिळाली म्हणून घेतली आणि धडक झाली, तर सायकलचा विमा हात वर करतो.

पादचाऱ्यांशी बऱ्याच धडका फूटपाथवर होतात. सायकल मुळात रस्त्याच्या डाव्या कडेने चालवायची. फूटपाथवर सहसा परवानगीची पाटी असेल तिथेच, रस्त्याकडच्या बाजूने, चालण्याच्या वेगात. पुढच्या माणसाला बाजूला करायला घंटी वाजवायची नाही. फूटपाथवर पादचाऱ्याला धडक बसली तर सहसा पूर्ण चूक सायकलवाल्याची धरतात. 1 एप्रिल 2026 पासून 16 किंवा त्याहून जास्त वयाच्या सायकलस्वारांना पोलीस जागेवर निळं तिकीट देतात: मोबाइल हातात धरून चालवल्यास 12,000 येन, सिग्नल तोडल्यास 6,000. हा दंड कुठलाही विमा भरत नाही.

धडक झालीच तर थांबा, जखमीला कडेला घ्या, 119 वर अँब्युलन्स आणि 110 वर पोलीस बोलवा. समोरची व्यक्ती कपडे झटकत ‘दाइजोबु देसु’ म्हणजे ‘मी ठीक आहे’ म्हणेल आणि जायला निघेल. तरीही पोलिसांना कळवा. संध्याकाळी तिचं डोकं दुखायला लागलं आणि तिने तक्रार केली, तर तुम्ही न कळवता निघून गेलेले ठरता, आणि तो वेगळा गुन्हा आहे. ‘सुमिमासेन’ म्हणजे ‘माफ करा’ जरूर म्हणा, नाव-पत्ता द्या-घ्या, पण ‘सगळा खर्च मी देतो’ असं तोंडी कबूल करू नका, कुठल्याही कागदावर सही करू नका. विमा कंपनीला न विचारता रक्कम ठरवली तर ती भरायला कंपनी नकार देऊ शकते. त्याच दिवशी कंपनीला फोन करा. हॉस्पिटलात मिठाईचा डबा घेऊन भेटायला जाणं इथे रीतच आहे, पण कधी जावं तेही विमा कंपनीलाच विचारा. पुढे दाव्यासाठी ‘कोत्सू जिको शोमेइशो’ म्हणजे अपघाताचा दाखला लागतो, आणि पोलिसांत नोंद नसेल तर तो निघतच नाही.