जायचं ठरवता, परतायचं कधी ठरवणार? गणपतीपासून एअर शोपर्यंत या चुका टाळा

अनंत चतुर्दशीची रात्र, दोन वाजलेले, मी मिरजेत. खांद्यावर झोपलेली भाची, आणि माझी मोटारसायकल समोर दिसत होती, पण मध्ये अख्खी मिरवणूक होती. संध्याकाळी सहाला गाडी लावली तेव्हा गल्ली रिकामी होती. शेजारच्या दुकानदारानं "लावा की, इकडं कोण येतंय" असा भरवसाही दिला होता. आठला पहिलं मंडळ आलं आणि मग मंडळं येतच राहिली. शेवटी गाडी तिथंच सोडून चालत सुटलो. ती दुसऱ्या दिवशी दुपारनंतर हाती लागली. मिरजेची विसर्जन मिरवणूक चोवीस तासांत आटपत नाही हे सांगलीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मलाही होतं. फक्त गाडी लावताना आठवलं नाही.

गर्दीचं गणित त्या रात्री कळलं. लोक येतात ते आपापल्या सवडीनं, पाच तासांत विखरून. कार्यक्रम संपला की मात्र सगळे एकदम उठतात. म्हणून खालच्या बहुतेक चुका परतीच्या आहेत.

सगळंच बघायचा हट्ट

भाद्रपद लागला की आपल्याकडं दम खायला फुरसत नसते. प्रतिपदेला सांगलीच्या गणपती मंदिरात चोर गणपती गुपचूप येऊन बसतो. चतुर्थीला घरचे गणपती. पंचमीला तासगावचा रथ. पाचव्या दिवशी सांगली संस्थानच्या गणपतीची मिरवणूक, सरकारी घाटापर्यंत. मग अनंत चतुर्दशी आणि मिरजेच्या स्वागत कमानी. पितृपक्षात जरा विश्रांती, की लगेच नवरात्र, आणि मिरजेच्या अंबाबाईच्या देवळात गाण्याच्या मैफली. दिवाळीच्या मागंपुढं ५ नोव्हेंबर, रंगभूमी दिन. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी याच गावात नाटक उभं केलं, त्यामुळं त्या दिवशी भावे नाट्यमंदिराकडं पाय वळतातच.

हे सगळं एका वर्षात करायला गेलेल्या माणसाला शेवटी काहीच आठवत नाही, फक्त ट्रॅफिक आठवतं. आमच्या घरात आता नियम आहे: रात्र जागायची ती एकच, बाकी ठिकाणी नऊपर्यंत घरी. या वर्षी मिरज केली तर पुढच्या वर्षी तासगाव. आईला हा नियम मान्य नाही. ती म्हणते, "देवाला काय पाळीपाळीनं भेटतात होय रे?" पण गुडघे तिचेच दुखतात.

तासगावात दोराच्या आत

ऋषिपंचमीचा तीन मजली रथ माणसं दोरांनी ओढतात, मंदिरापासून काशीविश्वेश्वराच्या देवळापर्यंत आणि परत. नवखा माणूस हमखास इथं चुकतो. फोटोसाठी तो दोर ओलांडून आत जातो, किंवा चाकाच्या बाजूला सरकतो. ओढ बसली की सैल पडलेला दोर एका क्षणात ताठ होतो आणि पाय त्यात असेल तर माणूस आडवा. रथ वळताना तर चाकाकडची जागा कधी संपेल सांगता येत नाही. लांबूनच बघा. सात मजली गोपुरासमोर रथ हलतो तो क्षण थोडं मागं उभं राहूनच नीट दिसतो.

गुलालाचं वेगळं सांगायला नको. पण फोन प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि डोळ्यात गुलाल गेला तर चोळू नका, बाटलीतलं पाणी मारा. लेन्स घालणाऱ्यांनी त्या दिवशी चष्मा लावलेला बरा. आणि रथ परत मंदिरात येईपर्यंत थांबायचा मोह आवरा. रथ तिकडं गेला की गावाबाहेर पडायला वाट मिळते, तो माघारी फिरला की त्याच वाटा भरतात.

नदी ओळखीची आहे म्हणून

कृष्णेच्या घाटावर आपण लहानपणापासून जातो, हीच अडचण. पाणी उतरल्यावर पायऱ्यांवर गाळाचा जो थर राहतो तो चपलेलाही धरत नाही, अनवाणी पायाला तर नाहीच. विसर्जनाला एक जण पाण्यात, एक पायरीवर, आणि मुलं वर. त्यात आपल्या कृष्णेत मगरी आहेत, हे औदुंबर-भिलवडीकडच्या माणसाला विचारा. म्हणून नेहमीचा घाट सोडून "इथं गर्दी नाही" म्हणत हरिपूरच्या किंवा मळ्याच्या काठावर मूर्ती घेऊन उतरायचं नाही. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४५ ला धोका. पाऊस लांबलेल्या वर्षी निघण्यापूर्वी तो आकडा बघा आणि सरळ महापालिकेच्या कुंडाकडं जा. देवाला कुंड चालतं.

मिरवणुकीतल्या लेझरबद्दल एकच: त्याच्याकडं टक लावून बघू नका, मोबाईलही त्याच्यावर रोखू नका. डोळ्याच्या पडद्याला इजा होते आणि कॅमेऱ्याचा सेन्सरही जातो. डॉल्बीच्या भिंतीपासून तान्ही मुलं लांब ठेवा. कानात कापूस घालून भागत नाही.

आता विमानं

कवलापूरच्या विमानतळाची चर्चा ऐकत आमची पिढी पिकली. विमान बघायचं तर अजून गाव सोडावं लागतं. कधी हवाई दल दिनाच्या, म्हणजे ८ ऑक्टोबरच्या आसपास कुठल्या तरी शहरात, नाहीतर विषम वर्षाच्या फेब्रुवारीत बंगळूरजवळ येलहंकाला, एअरो इंडिया या विमानांच्या प्रदर्शनाला. आम्ही २०२५ मध्ये येलहंकाला गेलो. तीन मोठी माणसं, दोन मुलं आणि भडंगाचा पाच किलोचा डबा.

पहिली चूक तिकिटाची. या प्रदर्शनाचे सुरुवातीचे दिवस धंद्यातल्या लोकांसाठी असतात, शेवटचे दोन सर्वसामान्यांसाठी. पासही दोन तऱ्हेचे: एक आत जाऊन स्टॉल आणि उभी विमानं बघायचा, दुसरा फक्त बाहेरच्या पटांगणातून कसरती बघायचा. आमच्या ओळखीतल्या एकानं स्वस्त म्हणून दुसरा काढला आणि मुलांना "रफालला हात लावायला मिळेल" असं कबूल केलं. तो दिवस त्यानं कसा काढला हे त्याच्या बायकोनं आम्हाला सांगितलं. पास घेताना नाव वाचा, आणि मुलांना कबूल करण्याआधी दोनदा वाचा.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी सुरू होतं. तारखा जाहीर झाल्या की त्या दिवशी बसून राणी चन्नम्मा एक्सप्रेसचं तिकीट काढायचं. जाताना यशवंतपूरला उतरा, तिथून येलहंका जवळ पडतं. मुख्य स्टेशनपर्यंत गेलात तर तेवढंच अंतर शहराच्या गर्दीतून उलटं यावं लागतं.

मोटारीनं जाणाऱ्यांनी २०१९ लक्षात ठेवा. त्या वर्षी येलहंकाच्या पार्किंगमध्ये वाळलेल्या गवताला आग लागली आणि सुमारे ३०० गाड्या जळाल्या. तापलेल्या सायलेन्सरखाली सुकं गवत नको. मोकळी माती असेल तिथं लावा, गाडीचं तोंड बाहेरच्या रस्त्याकडं करून. सिगरेटवाल्या नातेवाइकाला पटांगणाच्या बाहेर पाठवा.

आवाज येतो तिकडं विमान नसतं

भाचीची पहिली तक्रार हीच होती. "मामा, आवाज येतोय पण दिसत काहीच नाही." आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. विमान एक किलोमीटरवर असेल तर त्याचा आवाज आपल्याला तीन सेकंदांनी पोचतो. तेवढ्या वेळात ताशी ७०० किलोमीटरनं जाणारं विमान अर्धा किलोमीटरहून जास्त पुढं गेलेलं असतं. म्हणून आवाज आला की त्याच्या जाण्याच्या दिशेला पुढं बघा. हे एकदा जमलं की मुलांचा तो एक खेळच होऊन बसतो.

दुसरं, धुराच्या मागं नजर लावून बसू नका. सूर्यकिरण ही हवाई दलाची कसरती करणारी नऊ हॉक विमानांची तुकडी. १९९६ मध्ये बीदरला सुरू झाली, तेव्हा तिच्याकडं किरण जातीची विमानं होती. मुख्य तांडा एका बाजूला वळायला गेला की मधल्या वेळात दोन विमानं समोरासमोरून येऊन एकमेकांना चाटून गेल्यासारखी जातात. सगळं पटांगण डावीकडं बघत असतं आणि ती जोडी उजवीकडून येते. निवेदक बोलत असतो, तो ऐका. सारंग तुकडीची हेलिकॉप्टरं, मोराच्या रंगातली, ध्रुव जातीची, हळू असतात. ती मनसोक्त बघता येतात, फोटोही तिथंच काढा.

जेटचे फोटो मोबाईलवर काळे ठिपके येतात. कारण मोबाईल उजळ आभाळाचं मोजमाप घेतो आणि विमान काळं पडतं. विमानावर बोट टेकवून उजेड थोडा वाढवा, बोटानं ताणून झूम करू नका, आडवा व्हिडिओ घ्या. खरा कॅमेरा असेल तर जेटला १/१००० किंवा त्याहून वेगवान शटर, हेलिकॉप्टरला १/२५० च्या आसपास, नाहीतर पाती गोठलेली दिसतात आणि हेलिकॉप्टर दोरीला टांगल्यासारखं वाटतं. सूर्य पाठीशी येईल अशी जागा धरा. पण पहिली पाच मिनिटं काही टिपू नका. माझ्या मेव्हण्यानं पूर्ण शो पडद्यावर बघितला आणि घरी येऊन "मजा आली का" म्हटल्यावर मोबाईल पुढं केला.

लहान मुलांना कानावर बसणारे मोठे इअरमफ घ्या. खालून जेट गेलं की मोठ्यांच्याही छातीत धडधडतं, दोन वर्षांचं मूल नुसतं किंचाळत राहतं.

खाणं, आणि घारी

येलहंकाच्या आसपास प्रदर्शनाच्या काळात मटण-चिकनची दुकानं बंद ठेवतात. आमच्यातला एक सांगलीकर यावर फारच नाराज झाला, त्याला वाटलं कुणीतरी सोवळं पाळतंय. कारण घारींचं आहे. मांसाचे तुकडे उघड्यावर पडले की घारी जमतात, आणि विमानाच्या इंजिनात घार गेली तर वैमानिकाच्या जिवावर बेततं. त्यामुळं पटांगणातही उरलेलं खाणं फेकायचं नाही, केळीचं सालसुद्धा पिशवीत घालायचं. भडंग यासाठी सोयीचं: टिकतं, सांडलं तर मोजकं सांडतं. मात्र त्यानं तहान लागते, तेव्हा पाणी दुप्पट घ्या.

पाण्याचं हसण्यावारी नेऊ नका. ६ ऑक्टोबर २०२४ ला चेन्नईत मरीना किनाऱ्यावर हवाई दलाचा शो झाला, सकाळी अकरा ते दुपारी एक. आभाळात सगळं ठरल्याप्रमाणं झालं. ऐन उन्हात एक वाजता लाखो माणसं एकदम किनाऱ्यावरून निघाली, स्टेशनं आणि रस्ते तुंबले, पाणी मिळेना. त्या दिवशी पाच जणांचा जीव गेला, कित्येकांना दवाखान्यात न्यावं लागलं. शो बघताना जेवढं पाणी लागतं त्याहून जास्त निघाल्यावर लागतं. दोन बाटल्या परतीसाठी वेगळ्या ठेवा आणि त्यांना आधी हात लावू देऊ नका. टोपी हवीच, छत्री उघडलीत तर मागच्या रांगेचे शब्द ऐकावे लागतील. कुणाला गरगरलं, घाम थांबला, बोलण्यात गोंधळ आला, तर सावली, ओला रुमाल मानेवर आणि लगेच वैद्यकीय तंबू. "थोडं बसलं की बरं वाटेल" म्हणत वेळ घालवू नका.

फोन लागत नाही, पोर दिसत नाही

मिरज असो की येलहंका, लाख माणसं जमली की नेटवर्क बसतं. यूपीआय अडकतं, कॉल जात नाही. तेव्हा पाचशेची मोड खिशात ठेवा. मेसेज कॉलपेक्षा लवकर जातो, तो पाठवून ठेवा. नकाशा आदल्या रात्री मोबाईलमध्ये उतरवून घ्या.

पोचल्यावर पहिल्यांदा भेटायची जागा ठरवा, आणि ती हलणारी नको. "त्या आइस्क्रीमच्या गाड्यापाशी" म्हणून आम्ही एकदा ठरवलं होतं. गाडीवाला धंदा बघत दोन चौक पुढं गेला, त्याच्या मागोमाग आमची आत्याही. मुलाच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी, किंवा मनगटावर पेनानं नंबर. मूल दिसेनासं झालं तर घरातल्या एकानं ठरलेल्या जागी उभं राहायचं, दुसऱ्यानं पोलिसांच्या चौकीत जायचं. सगळे एकदम शोधायला सुटले की मूल परत येतं आणि तिथं कुणी नसतं.

शेवटचं विमान उतरल्यावर

येलहंकाला शो संपल्या संपल्या लोक फाटकाकडं धावले. आम्ही नाही उठलो. आमची गाडी रात्रीची होती, घाई करून करायचं काय? आईनं चादर पसरली, भडंगात कांदा आणि लिंबू घातलं, परतीच्या बाटलीतला पहिला घोट सगळ्यांना दिला. तासाभरात फाटकावरचा गोंगाट कमी झाला, पटांगण उघडं पडलं, आणि दिवसभर दिसल्या नव्हत्या त्या दोन घारी आभाळात गोल फिरायला लागल्या. भाची तोंडातलं भडंग तसंच ठेवून वर बघत बसली.

"मामा, ह्यातली सूर्यकिरण कुठली?"