सहल की साहस? बेळगाव-खानापूर परिसरात दिवसभराची वाट कशी आखावी

येळ्ळूरच्या राजहंसगडावर गाडी जवळजवळ दरवाज्यापर्यंत जाते. वर सिद्धेश्वराचं दर्शन, तटावरून चौफेर शिवार, तासाभरात खाली. ही छान सहल झाली. तोच गड गावातून शिवाराच्या पायवाटा स्वतः शोधत, बांध ओलांडत, कुठल्या सोंडेने चढायचं ते खालून बघून ठरवत चढलात, तर ते छोटं साहस. गड तोच, उंची तीच. फरक इतकाच की दुसऱ्या वेळी पुढे काय लागेल ते आधी ठाऊक नव्हतं आणि ठरवणारे तुम्ही होता.

आमच्या मते साहसाला तीन गोष्टी लागतात. शेवट आधी माहीत नसावा. वाटेत निदान दोन-तीन निर्णय तुमचे स्वतःचे असावेत. आणि चूक झाली तर किंमत मोजावी लागावी, पण ती परवडणारी असावी: दोन तासांची जादा पायपीट, भिजलेले कपडे, हुकलेली बस. निर्णय दुसऱ्याने घेतले की तुम्ही नुसते प्रवासी. किंमत हातापायावर किंवा जिवावर बेतणारी असेल तर तो जुगार. पावसाळ्यात धबधब्याच्या शेवाळलेल्या कड्यावर फोटोसाठी उभं राहणं हे दुसऱ्या प्रकारातलं: तिथे पाय घसरल्यावर ठरवायला काही उरत नाही. कॅसलरॉकहून दूधसागरकडे रुळांवरून चालत जाणंही तसंच. 1989 च्या रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली तो गुन्हा आहे, आणि बोगद्यात समोरून गाडी आली तर तुमच्या कौशल्याला वाव नसतो.

आधी प्रश्न शोधा, मग ठिकाण

"कुठे जायचं?" असं विचारलं की सगळे एकाच धबधब्यावर पोचतात. त्याऐवजी एखादा प्रश्न घ्या. मलप्रभा कणकुंबीत उगम पावते आणि पूर्वेला जाऊन कुडलसंगमाला कृष्णेला मिळते. त्याच डोंगररांगेतलं पश्चिमेचं पाणी म्हादईतून गोव्याच्या समुद्राला जातं. मग पाण्याची वाटणी डोंगराच्या नेमक्या कुठल्या धारेवर होते? भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 नकाशा घ्या. त्यावर 2 सेंटीमीटर म्हणजे 1 किलोमीटर आणि सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या दोन समोच्च रेषांत 20 मीटर उंचीचा फरक. धार आधी कागदावर पेन्सिलने ओढा, मग जमिनीवर ताडून पाहा. मात्र हा मुलूख जंगलाचा आहे आणि भीमगड अभयारण्य लागूनच आहे, त्यामुळे वनखात्याची परवानगी आधी घ्यायची. पहिल्यांदाच निघत असाल तर हिवाळ्यात कंग्राळीपासून काकतीच्या दिशेने मार्कंडेय नदीच्या काठाने चाला. काठ कुठे सुटतो आणि उसाच्या फडाला कुठून वळसा घालायचा, एवढं कोडं सुरुवातीला पुरे.

दर वेळी एकच गोष्ट नवी ठेवा: जागा, वेळ, हवामान किंवा सोबत. रात्री चालायचं तर वाट ओळखीची हवी. वाट नवी असेल तर दिवस कोरडा हवा. दोन नव्या गोष्टी एकत्र आल्या की चूक कशामुळे झाली तेच कळत नाही.

वेळेचं गणित

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. साधा ठोकताळा असा: सपाटीला तासाला 5 किलोमीटर, आणि दर 600 मीटर चढाला एक तास जादा. येऊन-जाऊन 12 किलोमीटर आणि 300 मीटर चढ असेल तर कागदावर सुमारे 2 तास 55 मिनिटं येतात. पण कारवीचं रान, सड्यावरचे जांभ्याचे खडक आणि चुकणाऱ्या गुरवाटा धरून याची दीडपट करा: सुमारे 4 तास 20 मिनिटं. थांबे वेगळे.

मग परतीची घटका ठरवा, आणि ती निघण्यापूर्वी. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि रानात त्याआधीच अंधारतं, म्हणून चार वाजता डांबरी रस्त्यावर यायचं धरा. परतीला थांब्यांसकट तीन तास लागणार असतील तर एक वाजता जिथे असाल तिथून मागे फिरायचं. टोक शंभर पावलांवर दिसत असलं तरी. "आता आलोच आहोत तर" या वाक्यानेच माणसं अंधारात सापडतात, कारण तोवर पाय थकलेले, पाणी संपत आलेलं आणि डोकंही मंदावलेलं असतं. घटका कागदावर लिहून गटातल्या सगळ्यांना दाखवा, म्हणजे ऐनवेळी वाद होत नाही.

ओढा आणि वळीव

पावसाळ्यात सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारी मांडीला लागतो. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर घाटमाथ्यावर पाऊस झालेला असतो. पाणी गढुळलं, पालापाचोळा नि काटक्या वाहू लागल्या, खळखळ जाऊन घुमल्यासारखा आवाज आला की उतरू नका. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो, म्हणून वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडायचं नाही. त्याखाली असेल तर पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडा, तोंड प्रवाहाकडे करा, काठी पुढे रोवा आणि एका वेळी एकच पाय हलवा. अडकलात तर उंचावर बसून राहा. छोटे ओढे पाऊस थांबला की काही तासांत उतरतात.

एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव येतो. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मोजा: तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की पठार सोडा. एकट्या झाडाखाली थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या.

पिशवीत आणि डोक्यात

माणशी 3 लिटर पाणी, उन्हाळ्यात 4. जोंधळ्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ. एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालायचं, चमचा चहाचा. दिवसाची फेरी असली तरी कपाळावर बांधायची बॅटरी हवी. शिट्टीही हवी: मिनिटात सहा फुंका, मग मिनिटभर थांबा, ही मदतीची हाक. फोन फ्लाइट मोडवर ठेवला तरी जीपीएस चालतो, पण नकाशा आधी उतरवून ठेवा.

साप चावला तर अवयव हलू न देता थेट दवाखाना. चिरायचं नाही, घट्ट बांधायचं नाही. गवा दिसला तर झाड मध्ये ठेवून हळूहळू मागे सरा. उन्हाळ्यात गोचिडींमुळे माकडतापाची भीती असते, म्हणून अंगभर कपडे घाला, आणि नंतर ताप आला तर रानात गेलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

खानापूरच्या पश्चिमेला मराठी चालते. गोकाक-सौंदत्तीकडे निघालात तर थोडं कन्नड हवंच: दारी म्हणजे वाट, हळ्ळ म्हणजे ओढा, "ई दारी एल्लिगे होगुत्तदे?" म्हणजे ही वाट कुठे जाते. फलकावर "अरण्य इलाखे" दिसलं की वनखात्याची हद्द. "किती लांब?" असं विचारू नका. रोज डोक्यावर मोळी घेऊन जाणाऱ्याला सगळं जवळच वाटतं. "वाटेत ओढे किती लागतात?" हे विचारा.

घरी एकाकडे चिठ्ठी ठेवा: वाट, गटातली नावं, परतीची वेळ. सहापर्यंत फोन आला नाही तर सात वाजता आधी शेवटच्या गावातल्या ओळखीच्या माणसाला आणि मग 112 ला कळवायचं, हेही तीत लिहा.

परतल्यावर त्याच रात्री वहीत दोन रकाने करा: ठरवलेली वेळ आणि लागलेली वेळ. खाली लिहा, कुठल्या वळणावर काय ठरवलं आणि का. तीन-चार फेऱ्यांनी वरच्या दीडपटीऐवजी तुमच्या गटाचा स्वतःचा आकडा हाती येतो. पुढची वाट त्यावर आखा.