अर्धवेळ सीएफओ ऑनलाइन घेताय? आधी एवढं बघून घ्या

भोसरी-चाकण पट्ट्यात उलाढाल वीस-पंचवीस कोटींच्या घरात गेली की एक अडचण हटकून येते. टॅलीवाला एंट्र्या मारतो, सीए रिटर्न भरतो, पण ऑक्टोबरचे पगार झाल्यावर सीसी लिमिटमध्ये (बँकेने दिलेल्या खेळत्या कर्जाच्या मर्यादेत) किती शिल्लक राहील हे कुणी सांगत नाही. पूर्णवेळ सीएफओचा, म्हणजे कंपनीचा पैसा सांभाळणाऱ्या मुख्य अधिकाऱ्याचा, पगार झेपत नाही. मग आठवड्याला आठ-दहा तास देणारा माणूस शोधायला आपण अपवर्क, टॉपटल, नाहीतर इकडच्या फ्लेक्सिंग इटवर जातो, म्हणजे तासावर माणसं मिळवून देणाऱ्या ऑनलाइन बाजारात. प्रोफाइलवर तासाचा दर असतो, आपण त्याला महिन्याच्या चाळीस तासांनी गुणतो आणि बजेट ठरलं म्हणतो. ते बजेट नसतं.

कंपनीचा प्रकार बघा. लिस्टेड कंपनीला, तसंच भरणा भांडवल १० कोटी किंवा जास्त असलेल्या पब्लिक कंपनीला, कंपनी कायदा २०१३ च्या कलम २०३ प्रमाणे सीएफओ पूर्णवेळच लागतो. तिथे ही सोय चालत नाही. प्रायव्हेट लिमिटेड किंवा भागीदारी असेल तर पुढे चला. आणि कंपनीच्या ऑडिटरलाच "साहेब, तुम्हीच बघा ना थोडं" असं म्हणू नका. कलम १४४ त्याला हिशोब लिहायला आणि व्यवस्थापनाच्या सेवा द्यायला मनाई करतं.

आता आम्ही मागच्या वेळी असा माणूस घेतला तेव्हा बजेटमध्ये धरायची राहून गेलेली गोष्ट. कन्व्हर्जन फी. माणूस आवडला, सहा महिन्यांनी वाटलं की आता बाजार मध्ये कशाला, थेट करार करू. करता येत नाही. बहुतेक बाजारांच्या अटींत असतं की त्यांच्यामार्फत ओळख झालेल्या माणसाला ठरावीक काळ बाहेरून पैसे द्यायचे नाहीत. द्यायचे असतील तर एकरकमी फी भरून सुटका करून घ्यायची. अपवर्कच्या अटींत हा काळ २४ महिन्यांचा आहे. आम्ही घेतला तो बाजार वेगळा होता, पण कलम तेच. फी बऱ्याचदा त्या माणसाच्या वर्षभराच्या अंदाजी कमाईच्या टक्केवारीत मोजतात, म्हणजे तुम्ही जितकं जास्त काम द्याल तितकी सुटका महाग. सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा: काळ किती, टक्के किती, आणि 'वर्षाची कमाई' कशी धरणार. फोनवरच्या "होऊन जाईल सर" ला काही अर्थ नाही.

गणित मांडू. दर ५,००० रुपये तास, महिन्याला ४० तास, म्हणजे २ लाख. समजा बाजार गिऱ्हाइकाकडून वर ५ टक्के घेतो, १०,००० झाले. पैसे डॉलरमध्ये कार्डावरून गेले आणि बँकेचा मार्कअप (परकीय चलनावरचा जादा आकार) ३.५ टक्के असला तर ७,३५०, त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, १,३२३. झाले २,१८,६७३. यात सेवेवरचा जीएसटी अजून धरलेलाच नाही. कन्व्हर्जन फी समजा १५ टक्के, तर वर्षाच्या २४ लाखांवर ३ लाख ६० हजार. दीड महिन्याहून जास्तीचं मानधन, तेही एका तासाचंही काम न होता. ही रक्कम पहिल्या दिवशीच बजेटच्या तक्त्यात वेगळ्या ओळीत लिहा. वापरावी लागली नाही तर उत्तम.

काही बाजार फी वेगळी दाखवतच नाहीत, दरातच मुरवतात. माणसाच्या हातात किती पडतं ते आपल्याला कळत नाही. तिथे घासाघीस बाजाराशी करा, माणसाशी करून उपयोग नाही.

जीएसटी. माणूस किंवा बाजार परदेशातला असेल तर सेवेची आयात होते आणि १८ टक्के आयजीएसटी रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने, आपणच भरायचा. क्रेडिट लेजरमधून (आधी भरलेल्या जीएसटीच्या जमेतून) वळता करता येत नाही, रोख भरावा लागतो. क्रेडिट नंतर मिळतं, हे खरं, पण ज्या महिन्यात लिमिट गळ्याशी आलेली असते नेमक्या त्याच महिन्यात हे पैसे आधी जातात. कंपोझिशनवाल्यांना (छोट्यांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेतल्यांना) क्रेडिटही नाही. माणसाचं बिल कोण देणार, बाजाराच्या फीचं कोण देणार, हेही विचारून ठेवा. बहुधा दोन वेगळी बिलं येतात आणि अकाउंटंट एकच टाकतो.

टीडीएसमध्ये, म्हणजे पैसे देतानाच कापायच्या आयकरात, तर हमखास पाय अडकतो. माणूस भारतातला, व्यावसायिक फी वर्षाला ५०,००० च्या वर, म्हणजे १० टक्के कापायला हवेत. पण कार्डावरून पूर्ण रक्कम आधीच गेलेली असते, कापणार कशातून? बाजाराने ई-कॉमर्स चालवणारा म्हणून स्वतः ०.१ टक्का कापला असेल तर आपल्याला पुन्हा कापायचं नाही. कापला नसेल आणि माणूस म्हणाला की मला २ लाख पूर्ण हवेत, तर २,२२,२२२ वर हिशोब होतो आणि २२,२२२ आपल्या खिशातून जातात. कोण कापतंय याचं उत्तर ईमेलवर घ्या. आणि त्याच ईमेलमध्ये कन्व्हर्जन फी विचारली का? आत्ताच विचारा.

माणूस येण्याआधी घर आवरा. मीटर पहिल्या तासापासून चालू होतं. मागच्या तीन महिन्यांचं बँक रिकन्सिलिएशन, जुळवलेला २बी (जीएसटी पोर्टलवरचा खरेदीच्या क्रेडिटचा तक्ता), वयानुसार येणी-देणी, स्टॉक स्टेटमेंट, बँकेचं सँक्शन लेटर (कर्जमंजुरीचं पत्र), सगळं एका फोल्डरमध्ये. नाहीतर ५,००० रुपये तासाचा माणूस दोन हजारांच्या डेबिट नोटा शोधत बसतो, आणि बिल योग्यच असतं, भांडता येत नाही. आपल्या अकाउंटंटचे आठवड्याचे पाच-सहा तासही यात जाणार. तोही खर्चच आहे.

तासांवर आठवड्याची कमाल मर्यादा बाजाराच्या सिस्टीममध्येच लावा. चाचणीचा काळ मिळत असेल तर घ्या, आणि त्यात एकच काम द्या: तेरा आठवड्यांचा रोखीचा अंदाज. सुंदर स्लाइड नकोत. बाजार डिपॉझिट मागत असेल तर ते परत मिळतं की पहिल्या बिलात वळतं, विचारा.

थेट करारावर गेलात (फी भरून, किंवा मुदत संपल्यावर, लपूनछपून नाही) तर त्याचं उद्यम रजिस्ट्रेशन (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) बघा. सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर बिलाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, करार नसेल तर १५. उशीर झाला की तो खर्च पैसे देईपर्यंत आयकरात वजा मिळत नाही.

बाकी नेहमीचं. एनडीए, म्हणजे गुप्ततेचा करार. बँकेत फक्त बघण्याचा अधिकार, पेमेंट मंजुरीचा नाही. टॅलीला वेगळा युजर. संपवण्याची नोटीस दोन्हीकडून सारखी. शीट आणि मॉडेल कंपनीच्या ड्राइव्हवर, त्याच्या लॅपटॉपवर नाही. थेट पैसे न देण्याच्या मुदतीची शेवटची तारीख कॅलेंडरमध्ये, कन्व्हर्जन फीच्या कलमाची प्रिंट फाईलला.