छोट्या ग्रुपने गोदो करायचं असेल तर

सगळ्यात आधी परवानगी, तालमी नंतर. नाटककार सॅम्युअल बेकेट 1989 मध्ये गेला, त्यामुळे बहुतेक देशांत त्याच्या ‘वेटिंग फॉर गोदो’ या नाटकाचे हक्क अजून चालू आहेत आणि वाक्यं कापणं, बदलणं हे मनाने करता येत नाही, भाषांतर वापरणार असाल तर त्याचीही परवानगी वेगळी लागते.

नाटक छोट्या ग्रुपसाठी फार भारी आहे, पाचच पात्रं, एक रस्ता, एक झाड. पण म्हणून सोपं समजू नका! पहिले काही दिवस नुसतं वाचन करा, गोल बसून, आणि पॉज पण वाचा. स्क्रिप्टमध्ये जिथे शांतता लिहिलीये तिथे खरंच थांबायचं, नटांना ते जड जातं, घाईने पुढचं वाक्य टाकतात आणि सगळी गंमत जाते.

उभं राहून तालीम सुरू झाली की पहिल्या दिवसापासून खरी दोरी घ्या. नोकर लकी आधी आत येतो, गळ्यात दोरी, आणि तो स्टेजच्या मध्यापर्यंत पोचल्यावर दोरीचं दुसरं टोक धरलेला त्याचा मालक पोझो दिसतो, म्हणजे दोरी तेवढी लांब हवी, तुमच्या स्टेजवर मोजून घ्या. गळ्यातला फास सरकता अजिबात नको, पक्की गाठ आणि ओढ हातात धरून दाखवायची.

लकीचं लांबलचक भाषण त्या नटाला सगळ्यात आधी पाठ करायला द्या. बूट, टोप्या पण लवकर आणा. दुसऱ्या अंकात झाडाला चार-पाच पानं येतात, ती मध्यंतरात कोण लावणार ते आधीच ठरवा.