सावलीवरून वस्तू ओळखायची कशी? घरी करून पाहण्याचा प्रयोग

विळीची काळी आकृती कागदावर काढून मी घरात दोघींना दाखवली. आईने पाहताक्षणी ‘विळी’ म्हटलं, वर ‘खोवणी फार बारीक काढलीस गं’ हेही सांगितलं. सातवीतली भाची बराच वेळ कागद फिरवत राहिली आणि हळूच म्हणाली, “मावशी, बदक आहे का?” तिच्या घरी सुरी आणि चॉपर. पाटावरून वर वळणारं पातं तिला बदकाच्या मानेसारखं दिसलं, आणि तसं ते दिसतंही. बाह्यरेषा डोळ्यांना आकार देते. नाव मात्र आधीच्या ओळखीतून येतं.

त्या रेषेतला नेमका कोणता भाग कामाला येतो, हे सुट्टीच्या एका संध्याकाळी पुण्यात, कोथरूडच्या आमच्या घरी आम्ही तपासलं. तुम्हालाही सहज जमेल.

मोबाईलचा टॉर्च, कार्डशीट, पेन्सिल, काळा मार्कर आणि चार-पाच वस्तू घ्या: किटली, कात्री, झारा, अडकित्ता, विळी. मोसंबी, कांदा, चेंडू नकोत. त्यांची सावली एकसारखी गोल. तिथे रंग आणि सालीचा पोत पाहिल्याशिवाय भागत नाही.

ट्यूबलाइट बंद करा, तिच्या लांब नळीमुळे सावलीच्या कडा पुसट होतात. कार्डशीट भिंतीला चिकटवा, वस्तू स्टुलावर ठेवून कागदाच्या अगदी जवळ आणा आणि टॉर्च वस्तूच्या उंचीवर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. टॉर्च जवळ घेतलात तर सावली फुगते. गिरवताना एका बाजूला बसा, नाहीतर स्वतःचाच हात मध्ये येतो. मग आतला भाग मार्करने काळा करा.

वस्तू कोणत्या बाजूने ठेवली, यावर बरंच अवलंबून असतं. किटलीची तोटी एका अंगाला आणि दांडा दुसऱ्या अंगाला दिसला की लहान मूलही ओळखतं. तीच किटली तोटी टॉर्चकडे करून ठेवा: तोटी आणि दांडा पोटाच्या सावलीत गडप होतात आणि झाकणाच्या बोंडासकट एक गोळा उरतो. आमच्याकडे त्याला कुणी माठ म्हटलं, कुणी डाळिंब. दोन्ही आकृत्या जरूर काढा.

आता एक किटली नुसत्या रेषेत काढा आणि घरातल्या कुणाला तरी म्हणा, “हा आकार लक्षात राहावा म्हणून रेषेवर फक्त १० ठिपके द्यायचे आहेत, कुठे द्याल?” सरळ भागावर सहसा कुणी ठिपका देत नाही, जिथे रेषा वळते तिथे देतात. फ्रेड ॲटनीव्ह या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली हेच दाखवलं. झोपलेल्या मांजराच्या चित्रातले सर्वांत ठळक वळणांचे ३८ बिंदू घेऊन त्याने ते सरळ रेषांनी जोडले, आणि मांजर मांजरच राहिलं. तुमचेही ठिपके पट्टीने जोडून पाहा.

यापुढचा भाग मला सर्वांत आवडतो. किटलीच्या त्याच रेषाचित्राच्या दोन झेरॉक्स काढा. एकीवर रेषांचे मधले भाग व्हाइटनरने झाका, कोपरे आणि जोड राहू द्या. दुसरीवर उलट करा: तोटी पोटाला मिळते ती जागा, दांड्याचे सांधे, झाकणाची खाच झाका. दोन्हीकडे झाकलेली लांबी साधारण सारखीच ठेवा. एकाच माणसाला दोन्ही कागद दाखवू नका. सोपा पाहिला की अवघडही ओळखू येतो. आयर्व्हिंग बीडरमन यांनी १९८७ च्या त्यांच्या लेखात अशीच चित्रं वापरली होती. मधले भाग गेले तरी वस्तू ओळखू येते, जोड गेले की हाती नुसते तुकडे उरतात. जिथे रेषा आत खचते तिथे आपली नजर वस्तूचे भाग पाडते, इथे पोट संपलं, इथे तोटी सुरू झाली. ती खूणच गेली तर भागही सापडत नाहीत.

अडकित्त्यावर हे फार छान कळतं. राजा दिनकर केळकर संग्रहालयात तऱ्हेतऱ्हेच्या घडणीचे अडकित्ते मांडलेले आहेत. नक्षी निराळी, टोकं निराळी, पण बिजागरीजवळची खाच आणि तिथून फाकणारे दोन दांडे पाहिले की शंका राहत नाही. मुलांना घेऊन गेलात तर नक्षीकडे नंतर पाहा, आधी डोळे अर्धे मिटून नुसती कड बघायला सांगा.

शेवटचा प्रयोग उघड्यावर करायचा. हिवाळ्यात, हवा स्वच्छ असेल त्या दिवशी, सूर्य मावळायच्या सुमारास पर्वती चढा आणि नैऋत्येला पाहा. डोंगररांग एकाच काळ्या रंगाची झालेली असते, तरी पुणेकराचं बोट सिंहगडाकडे जातं, ते माथ्यावरच्या दूरदर्शनच्या टॉवरमुळे. एक डोळा मिटून, हात लांब करून तो टॉवर अंगठ्याने झाका आणि सोबत आलेल्या पाहुण्याला तसंच करायला लावून विचारा, यातला सिंहगड कोणता? मग अंगठा काढायला सांगा.